बटण दाबलं तरी स्टेअरिंग सुटेना: स्मार्ट की आणि स्टेअरिंग लॉकचा छडा लावताना

पुश बटणाची गाडी एखाद्या दिवशी बटण दाबूनही चालू झाली नाही की जो येतो तो एकच सांगतो, चावीचा सेल गेलाय, सेल बदला. सेल बदलून फरक पडला नाही की मग गाडीची बॅटरी बदला. तीही बदलून झाली की मग नवीन चावी बनवून घ्या. आमच्या गाडीच्या बाबतीत हे सगळे सल्ले मिळाले, आणि खरं दुखणं होतं स्टेअरिंगच्या दांड्याला चिकटून बसलेल्या एका मुठीएवढ्या डब्यात. ते सापडेपर्यंत काय काय केलं, कशावरून काय कळलं ते सविस्तर लिहिते, कारण नीट तपास न करता पार्ट बदलत गेलं तर हा खर्च कुठल्या कुठं जातो आणि ओळखीतल्या एकांचा तसा गेलेला मी बघितलाय.

आमची गाडी सेकंडहँड सेडान, २०१४ चं मॉडेल, पेट्रोल, मॅन्युअल गिअर. कंपनीचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही, असं इलेक्ट्रॉनिक स्टेअरिंग लॉक बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत असतं आणि बिघडायची तऱ्हा थोड्याफार फरकानं सारखीच असते. आईच्या डोळ्यांची ट्रीटमेंट मिरजेला चालू आहे, कोल्हापूरहून तिला नियमित न्यावं लागतं, डोळ्यात औषध घातलं की तिला पुढं काही तास नीट दिसत नाही, त्यामुळं गाडी भरवशाची असणं ही आमच्यासाठी हौसेची गोष्ट नाही.

सुरुवात अशी झाली की कधीकधी क्लच दाबून बटण दाबलं की पहिल्यांदा काही व्हायचं नाही, दुसऱ्यांदा दाबलं की व्हायचं. मग हळूहळू दुसऱ्यांदाही व्हायचं नाही. मध्येच कधी डॅशबोर्डवर चावी सापडत नाही असा मेसेज यायचा आणि कधी मेसेज न येता स्टेअरिंग आणि कुलूप असं लाल चित्र पेटायचं. हे दोन वेगवेगळे इशारे आहेत हेच सगळ्यात महत्त्वाचं, आणि मी ज्यांना ज्यांना दाखवलं त्यांनी दोन्हीला एकच समजून उत्तर दिलं.

बटण दाबल्यावर गाडीत दोन वेगळी बोलणी होतात. पहिलं बोलणं गाडी आणि चावीचं. दारांच्या हँडलमध्ये, मधल्या कन्सोलमध्ये, डिकीजवळ छोटे अँटेना असतात, ते साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक मारतात, ती फार लांब जात नाही, मीटर-दीड मीटर धरा. चावी तेवढ्यात असली तर ती जागी होते आणि ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर पाठवते, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत हीच फ्रिक्वेन्सी असते. उत्तर बरोबर असलं की गाडीची खात्री पटते. दुसरं बोलणं त्यानंतरचं, गाडीचं कंट्रोल युनिट आणि स्टेअरिंग लॉक यांच्यातलं. जुन्या गाडीत आपण चावी फिरवली की लॉकचा खिळा मागं सरकायचा, इथं चावी घालायला भोकच नाही म्हणून ते काम एक छोटी मोटर करते. मोटर गिअर फिरवते, गिअर स्टीलचा खिळा आतबाहेर करतो आणि तो खिळा स्टेअरिंगच्या दांड्यावरच्या खाचेत जाऊन बसतो. खिळा पूर्ण मागं आला की नाही हे बघायला आत बारीक स्विच किंवा सेन्सर असतात, आणि त्यांच्याकडून लॉक सुटल्याची खात्री झाल्याशिवाय गाडी इग्निशनच देत नाही. ते तसंच असायला पाहिजे, नाहीतर गाडी चालू होऊन निघायची आणि पहिल्याच वळणावर स्टेअरिंग अडकायचं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की मोटर थकली, नाहीतर नुसता एखादा स्विच गेला, तरी इंजिन, बॅटरी, चावी सगळं ठणठणीत असून गाडी जागची हलत नाही.

हे सगळं मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं, एकेक करत कळत गेलं. घराजवळच्या गॅरेजमध्ये नेली तेव्हा त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, ताई, बॅटरी उतरलीय, नवीन टाकू. मी म्हटलं मीटर लावून दाखवा. मीटर नव्हता. मग मी घरी येऊन भाच्याचा मल्टीमीटर घेतला, तो पॉलिटेक्निकला आहे, आणि सकाळी गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलना लावला. १२.५ व्होल्ट. बंद गाडीची बॅटरी १२.६ च्या आसपास असेल तर ती पूर्ण चार्ज आहे, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर काळजीचं. नंतर भाच्यानं मीटरवर नजर ठेवली आणि मी स्टार्टर मारला, तेव्हा आकडा १० च्या वरच राहिला. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली पडला असता तर मी बॅटरीवर संशय घेतला असता. गाडी चालू झाल्यावर १४.१, म्हणजे अल्टरनेटरही चार्ज करतोय. एका टर्मिनलवर पांढरी पावडर साचली होती ती खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं ब्रशनं काढली, क्लॅम्प घट्ट केला. हे करण्यात फायदाच आहे कारण या इलेक्ट्रॉनिक वस्तू कमी व्होल्टेजला पहिल्यांदा दगा देतात. पण आमचा प्रॉब्लेम तसाच राहिला, आणि चार-पाच हजारांची नवीन बॅटरी घेऊनही तो तसाच राहिला असता.

मग चावी. या चावीच्या प्लास्टिकच्या डबीला फोब म्हणतात. फोबच्या कडेला एक बारीक खटका असतो तो दाबून आतली पातळ धातूची चावी बाहेर काढायची, त्याच खाचेत नाणं किंवा पातळ स्क्रूड्रायव्हर घालून फोब उघडायचा. आत सीआर २०३२ सेल असतो, नाव सरळ आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. आमचा जुना सेल मीटरवर २.८ दाखवत होता, नवीन सेल ३.२ च्या वर दाखवतो. दोन-पॉइंट-आठ म्हणजे मेलेला नाही पण म्हातारा, कारण मीटर लावल्यावर सेलवर भार नसतो, चावी उत्तर पाठवताना तोच आकडा आणखी खाली जातो. बदलला. बदलताना सेल कडेनं धरावा, दोन्ही बाजूंना बोटं लावून पिळल्यासारखा धरला तर घामाचा थर बसतो, आणि आतली स्प्रिंगची पट्टी चेपलेली असेल तर ती अगदी हलक्या हातानं वर उचलून घ्यावी. सेल बाजारात कितीही स्वस्त मिळाला तरी नावाजलेल्या कंपनीचा, सीलबंद पाकिटातलाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

सेल बदलल्यावर चावी सापडत नाही हा मेसेज कमी झाला पण बंद झाला नाही. आता लक्ष ठेवायला लागले की कधी येतो. दोन-चार वेळा असं जाणवलं की मेसेज येतो तेव्हा मोबाईल चार्जिंगला असतो. गाडीत कन्सोलवर आम्ही बाहेरून घेतलेलं वायरलेस चार्जिंगचं पॅड चिकटवलं होतं आणि चावी त्याच्याच शेजारच्या खणात टाकायची सवय. वायरलेस चार्जिंग साधारण ११० ते २०५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि गाडीची हाक १२५ वर, म्हणजे दोघांची जागा एकच. पॅड चालू असताना चावीला गाडीची हाक त्या गोंगाटात ऐकूच जात नव्हती. पॅडची वायर काढली, चावी पर्समध्ये ठेवायला लागले, तो मेसेज तिथून पुढं आलाच नाही. मोबाईल आणि चावी एकाच खिशात चिकटून ठेवणाऱ्यांनाही हा त्रास कमीजास्त होतो, दोन्ही वेगळ्या खिशात ठेवून बघा.

चावीबद्दल आणखी एक गोष्ट याच वेळी लक्षात आली. आमच्या हॉलच्या भिंतीवर चाव्यांचा हुक आहे आणि त्याच भिंतीच्या पलीकडं गाडी लागते. म्हणजे रात्रभर चावी गाडीपासून हाताच्या अंतरावर. बऱ्याच गाड्यांत अशानं दोघांचं अधूनमधून बोलणं चालू राहतं, चावीचा सेल लवकर संपतो आणि गाडीही नीट झोपत नाही, बॅटरीतून थोडा थोडा करंट जात राहतो. शिवाय चोरीचाही विषय आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली ८ कंपन्यांच्या १० मॉडेल्सवर प्रयोग करून दाखवलं होतं की घरातल्या चावीचा सिग्नल दोन यंत्रांनी पुढं ढकलून गाडी उघडता येते आणि चालूही करता येते. हे कळल्यापासून आमची चावी आतल्या खोलीत स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात असते. डबा उपयोगाचा आहे का हे तपासायला चावी डब्यात घालून झाकण लावायचं, डबा हातात घेऊन गाडीच्या दाराशी उभं राहायचं आणि हँडलचं बटण दाबायचं. दार उघडलं तर तो डबा कामाचा नाही. आमचा पहिला डबा नापास झाला, झाकण सैल होतं. आईच्या लाडवाच्या डब्यात जमलं.

एवढं झालं तरी लाल कुलपाचं चित्र मात्र येतच राहिलं, उलट वाढलं. इथं कान कामाला आला. गाडी नीट चालू होते तेव्हा बटण दाबल्या दाबल्या स्टेअरिंगच्या खालून 'झुंई-खट्' असा बारीक आवाज येतो, अर्ध्या सेकंदाचा, आपण रोज ऐकतो पण लक्ष देत नाही. बिघाडाच्या वेळी तो आवाज यायचाच नाही, किंवा नुसतं 'टिक्' व्हायचं आणि मग लाल चित्र. गाडी चावी ओळखत होती, कारण दारं उघडत होती, बटणावरचा दिवा लागत होता आणि चावीचा मेसेज येत नव्हता. म्हणजे पहिलं बोलणं पूर्ण होतंय आणि दुसरं तुटतंय. तिथून पुढं मी चावी हा विषय बंद केला.

मिरजेला एकदा चांगलीच पंचाईत झाली. तपासणी उरकून आईला घेऊन पार्किंगमध्ये आले, तिला काळा चष्मा लावून शेजारी बसवलं आणि बटण दाबलं तर नाही. परत दाबलं, नाही. पुढचं चाक कठड्याला टेकून वळलेल्या अवस्थेत उभं होतं. अशा वेळी चाकाचा ताण स्टेअरिंगच्या दांड्यावरून त्या खिळ्यावर येतो आणि खिळा खाचेत रुतून बसतो, मोटर छोटी असते, तिला तो ओढता येत नाही. स्टेअरिंग हलक्या हातानं डावीउजवीकडं झुलवत झुलवत बटण दाबायचं, म्हणजे ताण सुटतो त्या क्षणी खिळा निघतो. हे जुन्या चावीच्या गाडीतही आपण करतोच. ते केलं, तरी नाही. पार्किंगवाल्या काकांनी कुणालातरी फोन लावला, एक जीपवाला दोरखंड घेऊन आला आणि म्हणाला, टोचन लावू, गॅरेजपर्यंत नेऊन सोडतो. त्याची मदतीचीच भावना होती पण मी स्पष्ट नको म्हटलं. स्टेअरिंग लॉक असलेल्या गाडीला टोचन लावता येत नाही, मागच्या गाडीला वळताच येणार नाही, सरळ रस्त्यावरही ती तिरकी होऊन कुणाच्या अंगावर जाईल. अशा गाडीला पूर्ण उचलून नेणारी फ्लॅटबेडच लागते, इन्शुरन्सच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करताना 'स्टेअरिंग लॉक आहे, चाकं वळत नाहीत' हे पहिल्या वाक्यात सांगावं म्हणजे ते हुकवाली क्रेन पाठवत नाहीत.

फ्लॅटबेड यायला वेळ लागणार होता. तेवढ्यात भाच्याला फोन केला, तो म्हणाला आत्या, स्टेअरिंग कॉलमच्या, म्हणजे त्या दांड्याच्या, खालच्या प्लास्टिक कव्हरवर, लॉक जिथं असेल तिथं, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टकटक कर आणि त्याच वेळी बटण दाब. जोरात नाही, दार वाजवतो तेवढंच. मी बटण दाबायला बसले आणि पार्किंगवाल्या काकांनी वाकून टकटक केली. तिसऱ्या-चौथ्या टकटकीला 'झुंई-खट्' झालं आणि गाडी चालू. फ्लॅटबेडला नको म्हणून कळवलं आणि कोल्हापूर येईपर्यंत मध्ये कुठंही गाडी बंद केली नाही, आई म्हणाली जयसिंगपूरला चहा घेऊ, तर चहा गाडीतच मागवला.

आई वाटेत सारखं विचारत होती, चालत्या गाडीत ते लागणार नाही ना. हा प्रश्न प्रत्येकाला पडतो म्हणून लिहिते. इग्निशन चालू असताना लॉकच्या मोटरची पॉवर तोडलेली असावी अशा पद्धतीनंच या गाड्यांची रचना असते, गाडी थांबलेली, इग्निशन बंद आणि बहुतेक वेळा दार उघडलेलं असेल तरच ते लागतं. त्यामुळं चालू झालेली गाडी चालवत आणायला हरकत नव्हती. पण टकटक केल्यावर चालू होते याचा अर्थ ती बरी झाली असा नाही, मोटर आतून झिजलीय असा आहे. मोटरचे कार्बन ब्रश झिजले की ते ठराविक जागेवर टेकत नाहीत, धक्का बसला की टेकतात. पुढच्या वेळी टकटकीलाही दाद देणार नाही हे धरूनच चालायचं.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवली. त्यांनी एस्टिमेट दिलं पूर्ण स्टेअरिंग कॉलम, लॉक, दोन नवीन चाव्या आणि प्रोग्रामिंग, सगळं मिळून पन्नास हजारांच्या वर. मी विचारलं, चाव्या कशाला? म्हणाले, सेट येतो. मी विचारलं, स्कॅनरवर बिघाडाचा कोणता कोड आला, लॉकचा की चावीचा? त्यावर कागद मिळाला नाही. मी एवढंच म्हटलं की स्कॅनरचा रिपोर्ट द्या, मग ठरवते, आणि गाडी परत आणली. प्रत्येकानं हा रिपोर्ट मागावा असं माझं म्हणणं आहे. आपल्या पैशानं स्कॅन केलेलं असतं, तो कागद आपला आहे.

भाच्याकडं ओबीडीचं छोटं ब्लूटूथवालं यंत्र होतं, स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावून मोबाईलवर बघतात ते. त्यानं काहीच दाखवलं नाही, कारण असली स्वस्त यंत्रं इंजिनचे पी नं सुरू होणारे कोड वाचतात, स्टेअरिंग लॉकसारख्या बॉडीच्या भागांचे कोड बी नं सुरू होतात आणि आपसातल्या नेटवर्कचे यू नं, ते वाचायला मोठा स्कॅनर लागतो. तेव्हा 'मी स्कॅन केलं, काही कोड नाही' असं कुणी म्हणालं तर कशानं स्कॅन केलं हे विचारा.

शेवटी गाडी गेली उद्यमनगरला, एका ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांकडं. मी आत्तापर्यंतचं सगळं सांगितलं, मीटरचे आकडे, आवाज, टकटक. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मोठा स्कॅनर लावला, इमोबिलायझरमध्ये, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेत, एकही कोड नव्हता आणि स्टेअरिंग लॉकचा कोड होता. म्हणाले, "ताई, चावी गाडीशी बोलतीया, तिला हात लावायचा न्हाई. लॉक जबाब दीना झालंय." मग लॉकचा फ्यूज काढून बघितला, चांगला. लॉकच्या कनेक्टरला टेस्टरच्या पिना मागून लावल्या आणि मला बटण दाबायला सांगितलं, पॉवर पोचत होती. पॉवर येतेय आणि मोटर फिरत नाही, म्हणजे वायरिंग, फ्यूज, रिले सगळं बाजूला झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी एक एक शक्यता पुराव्यानं काढून टाकत होतं, आणि ते बघताना मला जो आधार वाटला तो खरंच सांगता येणार नाही.

लॉक काढणं हे या कामातलं सगळ्यात किचकट प्रकरण. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली आणि चाचांनी चहा मागवला, कारण स्टेअरिंगमध्ये एअरबॅग आहे आणि तिच्या सर्किटमधला चार्ज उतरायला काही मिनिटं थांबायलाच पाहिजे. पिवळ्या कनेक्टरला कुणी हात लावायचा नाही, ती एअरबॅगची लाइन. मग गुडघ्याजवळचं पॅनल काढलं, कॉलमची वरखालची कव्हरं काढली आणि तो डबा दिसला, काळा, दोन बोल्टनी दांड्यावर आवळलेला, आणि त्या बोल्टना डोकीच नव्हती. चोराला पाना लावता येऊ नये म्हणून हे मुद्दाम असतं, कंपनीत आवळताना ठराविक ताकदीला बोल्टचं डोकं तुटून पडतं आणि उरतो तो गुळगुळीत गोल दांडा. चाचांनी पोरगा पाठवून बारीक छिन्नी मागवली, बोल्टच्या कडेला तिरकी लावून छोट्या हातोडीनं टिचक्या दिल्यासारखं मारत मारत उलटा फिरवला. एक बोल्ट सुटला, दुसऱ्याच्या गुळगुळीत टोकाच्या मध्ये पंच मारून ड्रिल करावं लागलं. ड्रिल करताना खाली ओलं फडकं आणि वायरिंगवर जाड पुठ्ठा. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे.

डबा उघडल्यावर मी मुद्दाम जवळ जाऊन बघितलं. एका बाजूला छोटा सर्किट बोर्ड, शेजारी अंगठ्याएवढी मोटर, तिच्या टोकाला पितळी आट्या, त्यावर पांढरा प्लास्टिकचा गिअर आणि गिअरला जोडलेला करंगळीएवढा जाड चौकोनी खिळा. ग्रीस सुकून मेणासारखं पिवळं झालेलं. मोटर वेगळी करून चाचांनी पांढऱ्या कागदावर आपटली तर काळी पूड पडली, ब्रशचा कार्बन. मोटरला बाहेरून १२ व्होल्ट दिले तर फिरली नाही, बोटानं जरा ढकलली की फिरली, पुन्हा थांबवली, पुन्हा मेली.

इथं चाचांनी जे सांगितलं त्यानंच आमचे पैसे वाचले. लॉकची ओळख त्या बोर्डवरच्या चिपमध्ये असते, गाडी त्या ओळखीनुसारच लॉकला मानते. पूर्ण नवीन लॉक आणलं तर ते गाडीशी जोडायला प्रोग्रामिंग लागतं, भंगारातलं दुसऱ्या गाडीचं आणलं तर बऱ्याच गाड्या ते स्वीकारतच नाहीत. पण बोर्ड तोच ठेवून फक्त मोटर बदलली तर गाडीला काही फरक कळत नाही, प्रोग्रामिंगचा प्रश्नच येत नाही. त्याच मापाची, त्याच व्होल्टेजची मोटर मागवायला थोडे दिवस गेले, जुन्या मोटरवरच्या आट्या काढून नव्या दांड्यावर बसवायचं काम त्यांनी शेजारच्या लेथवाल्याकडून करून घेतलं. उद्यमनगरात हे एक बरं आहे, दहा पावलांवर लेथ मशीन असतं आणि कामाला नाही कुणी म्हणत नाही. बोर्डवरचे मोटरचे आणि कनेक्टरचे सोल्डरही त्यांनी भिंगातून बघून पुन्हा केले, जुन्या सोल्डरला केसाएवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि गाडी तापली की त्या उघडतात. स्विच स्पिरिटनं साफ केले, प्लास्टिकला चालणारं ग्रीस लावलं.

लॉक दांड्यावर चढवायच्या आधी त्यांनी नुसतं कनेक्टरला जोडून मोकळं हातात धरलं आणि मला म्हणाले, दाबा. खिळा सर्रकन आत गेला. गाडी बंद करून दार उघडलं, खिळा बाहेर आला. पुन्हा दाबलं, आत. हे त्यांनी कितीतरी वेळा करायला लावलं, मध्ये डबा उलटा करून, आडवा धरून, थोडा ठोकूनसुद्धा. प्रत्येक वेळी तोच आवाज आणि एकदाही लाल चित्र नाही. मगच डोकं तुटून पडणारे नवे बोल्ट लावले आणि शेवटी 'कट्' असा आवाज होऊन डोकी गळून पडली. स्कॅनरनं जुना कोड पुसला, गाडी फिरवून आणली, पुन्हा स्कॅन केलं, कोरं. मजुरी, लेथ, मोटर, बोल्ट सगळं धरून एस्टिमेटच्या दहाव्या भागातच काम झालं.

मधल्या काळात दोघातिघांनी सुचवलं होतं की लॉक सुटलेल्या स्थितीत असताना त्याचा कनेक्टरच काढून टाका, कटकट संपेल. काही गाड्यांत तसं चालतं हे खरं आहे, काहींत मात्र लॉककडून उत्तर येत नाही म्हणून गाडी पुढं कधीच चालू होत नाही. मला ते पटलं नाही. एक तर खिळा पूर्ण मागं आहे का अर्ध्यावर आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि अर्ध्यावरचा खिळा चालत्या गाडीत खाचेत पडला तर काय होईल याचा विचारही नको वाटतो. दुसरं, चोरीचा क्लेम करायची वेळ आली तर चोरीविरोधी यंत्रणा स्वतःच काढून ठेवलेली गाडी कुठं उभी राहील. काही कंपन्यांनी आता इमोबिलायझरवर भरवसा ठेवून नव्या मॉडेल्समधून हे लॉक काढून टाकलंय, पण ते त्यांनी गाडीची पूर्ण रचना बदलून केलंय, कनेक्टर उपटून नव्हे.

चावीचा सेल पूर्ण मेला तर काय करायचं तेही या निमित्तानं घरात सगळ्यांना करून दाखवलं. फोबमधली धातूची चावी काढायची, ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलला भोक असतं, काही गाड्यांत ते प्लास्टिकच्या टोपीखाली लपलेलं असतं, तिथं घालून दार उघडायचं. अलार्म वाजला तर घाबरायचं नाही. मग फोब स्टार्टच्या बटणाला टेकवून धरायचा आणि त्याच फोबनं बटण दाबायचं. चावीत एक चिप असते तिला सेल लागत नाही, बटणाभोवतीच्या कॉइलमधून तिला तेवढ्यापुरती ऊर्जा मिळते आणि गाडी तिला ओळखते. सगळ्याच गाड्यांत जागा बटणापाशी नसते, काहींत कप होल्डरच्या तळाशी किंवा कॉलमच्या बाजूला असते, मॅन्युअलमध्ये चित्र असतं. आईलासुद्धा करायला लावलं. तिनं पहिल्याच फटक्यात केलं.

आता राहिलंय ते दुसऱ्या चावीचं. गाडी घेतली तेव्हा जुन्या मालकांनी एकच चावी दिली, दुसरी हरवली म्हणाले. हरवलेली चावी कुणाच्या हाती आहे माहीत नाही आणि ती गाडीच्या मेमरीत अजून चालू आहे, ही गोष्ट मला लॉकपेक्षाही जास्त टोचते. नवीन चावी जोडताना जवळ असतील त्या सगळ्या चाव्या सोबत न्यायच्या, बऱ्याच गाड्यांत जुनी यादी पुसून नव्यानं नोंद करतात आणि तेव्हा जी हजर नसेल ती बाद होते, म्हणजे ती हरवलेलीही आपोआप बाद होईल. नोंद झाल्यावर गाडीत किती चाव्या रजिस्टर आहेत तो आकडा स्कॅनरवर मला दाखवायचा, असं चाचांशी बोलून ठेवलंय. फोब मागवलाय, आला की आईच्या पुढच्या तारखेच्या आधी उद्यमनगरला जाऊन काम उरकून घेणार आहे.